खुल्या बाजारपेठेचा विचार आणि परभणीचा कापूस

मराठीत अर्थविषयक लेखन थोडे नाही; परंतु विचार म्हणून ज्याची चिकित्सा झाली असे लेखन त्यात फारच थोडे आहे. शरद जोशी यांच्या ग्रंथांच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. अनुयायांनी ते शिरोधार्य मानले, विरोधकांनी बड्या बागायतदारांचे समर्थन म्हणून ते दूर सारले, आणि विद्यापीठीय अभ्यासकांनी शेतकरी आंदोलनाचा इतिहास लिहिण्यात जेवढा रस घेतला तेवढा त्यामागील युक्तिवादाची कडी न् कडी तपासून पाहण्यात घेतला नाही. हा युक्तिवाद समग्रपणे तपासण्याचा प्रस्तुत लेखाचा संकल्प नाही. एकच प्रश्न येथे घ्यावयाचा आहे : सरकारने शेतमालाच्या बाजारातून हात काढून घेतला म्हणजे शेतकऱ्याला मालाचा भाव मिळेल, हे या विचारातील मध्यवर्ती विधान कितपत सिद्ध झाले आहे?

या प्रश्नासाठी परभणी जिल्ह्याचा कापूस ही कसोटी घेण्यास कारण आहे. सटाण्यानंतरचे शेतकरी संघटनेचे दुसरे अधिवेशन फेब्रुवारी १९८४ मध्ये परभणी येथे भरले, एवढेच ते कारण नव्हे. या जिल्ह्यातील शेतकऱ्याने एकाच आयुष्यात दोन्ही व्यवस्था पाहिल्या. १९७२-७३ च्या हंगामापासून तीस वर्षे त्याचा कापूस घेण्याचा अधिकार कायद्याने एकट्या शासनाकडे होता. २००२-०३ च्या हंगामापासून खाजगी व्यापाऱ्याला पुन्हा मुभा मिळाली. जमीन तीच, पाऊस तसाच बेभरवशाचा, आणि बाजाराची रचना मात्र उलटी. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला असा प्रयोग सहसा मिळत नाही. अर्थात् तो निर्भेळ नाही, हेही येथेच सांगून ठेवले पाहिजे. मार्च २००२ मध्ये केंद्र शासनाने बीटी कापसाच्या लागवडीस परवानगी दिली. म्हणजे बाजाराचे स्वातंत्र्य आणि बियाण्याचे नवे तंत्र एकाच वर्षी शेतात उतरले. त्यानंतरच्या उत्पन्नवाढीचे श्रेय किंवा कर्जबाजारीपणाचा दोष दोहोंपैकी कोणा एकाच्या पदरात टाकणारे लेखन दोन्ही बाजूंनी झाले आहे. ते सावधपणे वाचावे लागते.

शासनाच्या हस्तक्षेपाविषयीची शंका मराठी विचाराला नवी नाही, आणि त्या हस्तक्षेपाची मागणीही नवी नाही. न्या. रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात इंग्लंडातील अर्थशास्त्राचे सिद्धांत सर्व देशांना व सर्व काळांना सारखेच लागू पडतात ही समजूत खोडून काढली व देशाच्या औद्योगिक वाढीत राज्यसंस्थेला स्थान मागितले. त्याच्या नऊच वर्षे आधी, १८८३ मध्ये, जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ सिद्ध केला. त्यात सरकार दिसते ते शेतसारा वाढवणाऱ्या व नोकरशाहीच्या हाती शेतकऱ्याला सोपवणाऱ्या सत्तेच्या रूपाने. या दोन प्रवाहांपैकी स्वातंत्र्योत्तर मराठी अर्थचिंतन बव्हंशी रानड्यांच्या बाजूने वाहिले. धनंजयराव गाडगीळ यांचे सहकारविषयक कार्य हे त्याचे सर्वांत भरीव फळ. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेला १९५५ मध्ये भिन्नमतपत्रिका जोडणारे प्रा. बी. आर. शेणॉय किंवा १९५९ मध्ये स्थापन झालेला राजाजी, रंगा व मसानी यांचा स्वतंत्र पक्ष यांचा पडसाद महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत फारसा उमटला नाही. नियोजनाविरुद्धची ती टीका मुख्यतः उद्योगपतींच्या आणि परवान्यांच्या भाषेत बोलत होती. चाकणच्या कांद्यापासून निघालेली टीका शेताच्या बांधावरून बोलू लागली, आणि तिची भाषा रानड्यांपेक्षा फुल्यांना जवळची होती.

जोशी यांची मूळ मांडणी ‘शेतकरी संघटना : विचार आणि कार्यपद्धती’ व ‘प्रचलित अर्थव्यवस्थेवर नवा प्रकाश’ या पुस्तकांत आहे. तिचा सांगाडा थोडक्यात असा : शेतकरी दरिद्री आहे याचे कारण त्याचे अज्ञान, व्यसन किंवा आळस नसून त्याच्या मालाला उत्पादनखर्च भरून निघेल एवढा भाव मिळू दिला जात नाही हे आहे. हा भाव आपोआप पडत नाही. तो पाडला जातो. लेव्ही, जिल्हाबंदी, निर्यातबंदी, प्रसंगी तोटा सोसून केलेली आयात ही त्याची साधने होत. शहरातील मजुरी कमी राहावी आणि कारखानदारीला भांडवल मिळावे म्हणून हे धोरण राबवले जाते. सोव्हिएट रशियात १९२०-३० च्या दरम्यान औद्योगिकीकरणासाठी भांडवल शेतीतून कसे काढावे याविषयी जो वाद झाला त्याच्याशी या मीमांसेचे नाते उघड आहे. किंबहुना एका अर्थी ही डाव्या विचाराच्याच शोषणसिद्धांताची शेतीपुरती फेरमांडणी होय. १९९१ नंतरच्या लेखनात, विशेषतः ‘खुल्या व्यवस्थेकडे खुल्या मनाने’ या संग्रहात, सूर पालटतो. ‘लूट’ या शब्दाची जागा हळूहळू ‘स्वातंत्र्य’ हा शब्द घेऊ लागतो, आणि समाजाचे ज्ञान कोणा एका नियोजकाजवळ नसून असंख्य व्यक्तींच्या व्यवहारांत विखुरलेले असते या, हायेकशी जुळणाऱ्या, भूमिकेवर युक्तिवाद येऊन ठेपतो.

या विचाराच्या पहिल्या भागाला, म्हणजे भाव पाडला जातो या विधानाला, पुरावा मिळाला तो शासनाच्याच दप्तरातून. जागतिक व्यापार संघटनेपुढे भारताने जे आकडे मांडले त्यांनुसार १९८६-८८ या आधारकाळात पिकांना दिलेला आधार सुमारे २४,४४२ कोटी रुपयांनी उणे भरला. खते, वीज, पाणी इत्यादींवरील सुमारे ४,५८१ कोटींचे साहाय्य जमेस धरूनही एकूण बेरीज उणेच राहिली. ‘उणे सबसिडी’ हा मराठीत आज रूढ झालेला शब्दप्रयोग या हिशेबावर उभा आहे. शेतकऱ्याला सरकार पोसते असे मानणाऱ्या नागरी वाचकाला हे आकडे पुरेसे निरुत्तर करणारे आहेत, आणि जोशी यांची ही कामगिरी मराठी अर्थचिंतनात टिकून राहील याविषयी आम्हांस शंका नाही. तथापि हा हिशेब मांडण्याची रीत नीट पाहिली पाहिजे. देशातील भावाची तुलना येथे जगाच्या बाजारातील भावाशी केलेली असते. जगाचा भाव उतरला तर इकडे शासनाने काहीही न करता उणे रक्कम घटते, प्रसंगी अधिक होते. तेव्हा ‘उणे सबसिडी’ ही एका विशिष्ट काळातील स्थिती होय. लुटीचे सनातन मोजमाप म्हणून ती वापरता येणार नाही.

आता कापसाकडे वळू. मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गाने १९०० च्या सुमारास गोदावरीचे खोरे मुंबईच्या बाजाराला जोडले, आणि परभणी, मानवत, सेलू या गावांना कापसाच्या पेठा म्हणून महत्त्व आले. या पेठांतील व्यवहार फार न्याय्य होते असे कोणी म्हणणार नाही. आडत, हमाली, तोलाई, धर्मादाय आणि मालात खोट काढून लावलेली कटती वजा जाता पट्टीवर उरेल ते शेतकऱ्याचे. त्यातून सावकाराची उचल फिटावयाची. म्हणूनच वऱ्हाडात १८९७ मध्ये कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला आणि निजामाच्या हैदराबाद संस्थानातही १९३० मध्ये बाजार कायदा आला. आज ज्या बाजार समितीला शेतकऱ्याच्या पायातील बेडी म्हटले जाते तिचा जन्म काटा, माप आणि उघड लिलाव यांची शाश्वती देण्यासाठी झाला होता. पुढे ती कोणाच्या ताब्यात गेली हा प्रश्न वेगळा.

एकाधिकार खरेदीची कल्पना या इतिहासातूनच निघाली. व्यापारीच नको, अशी ती भूमिका. १९७१ च्या अधिनियमाने कच्च्या कापसाची खरेदी, प्रक्रिया व विक्री शासनाने आपल्याकडे घेतली. राज्य सहकारी पणन महासंघ आणि १९८४ पासून कापूस उत्पादकांचा स्वतंत्र पणन महासंघ शासनाचा अभिकर्ता म्हणून काम पाहू लागला. शेतकऱ्याने कापूस केंद्रावर आणावयाचा, ग्रेडरने प्रत ठरवावयाची, काटा व्हावयाचा, हमी भावाने पहिला चुकारा मिळावयाचा. हंगामाअखेर रुई व सरकी विकून शिल्लक राहिली तर अंतिम भावाने उरलेली रक्कम मिळावयाची आणि तेजीतील काही भाग मंदीच्या वर्षासाठी भावचढउतार निधीत पडावयाचा. कागदावर ही रचना दोषास्पद नव्हती. तेजी-मंदीचा धोका एकेका शेतकऱ्याच्या खांद्यावरून काढून सर्वांवर व सर्व वर्षांवर वाटणे हे विम्याचेच तत्त्व आहे.

ती कोसळली ती तत्त्वापेक्षा भूगोलामुळे. महासंघाचा एकाधिकार खरेदीपुरता होता आणि तोही राज्याच्या सीमेपुरता. रुई विकताना त्याला गुजरात, मध्य प्रदेश आणि आंध्र येथील व्यापाऱ्यांशी अखिल भारतीय बाजारात स्पर्धा करावी लागे. तेथे त्याचा शब्द चालत नसे. परिणामी तेजीच्या वर्षी नांदेडच्या पलीकडे भैंसा-आदिलाबादच्या पेठेत भाव चढला की महाराष्ट्राचा कापूस रात्रीच्या मालमोटारींतून सीमा ओलांडू लागे आणि महासंघाची केंद्रे रिकामी राहत. मंदीच्या वर्षी हमी भाव वरचढ ठरला की सगळा कापूस, प्रसंगी सीमेपलीकडचाही, केंद्रावर येऊन पडे. निधीत भर पडावयाची ती वर्षे अशी हातची जात आणि निधी रिता करणारी वर्षे तेवढी वाट्यास येत. ज्या विमा कंपनीकडे फक्त आजारी माणसे नाव नोंदवतात तिचे जे होईल ते या योजनेचे झाले. त्यात पीककर्जाची वसुली चुकाऱ्यातून कापून घेण्याची पद्धत होती. सहकारी पतपुरवठा तगवण्यासाठी ती सोयीची खरी. परंतु तिने शेतकऱ्याला सीमेपलीकडे जाण्याचे दुसरे सबळ कारण पुरवले. भैंशातील व्यापारी वीस रुपये कमी देईना का, तो रोख देत असे आणि सोसायटीचे खाते विचारत नसे. चोरट्या मार्गाने जाणाऱ्या या कापसाला केवळ लोभ म्हणणारे अधिकारी आणि केवळ स्वातंत्र्याची ऊर्मी म्हणणारे कार्यकर्ते, दोघेही या साध्या हिशेबाकडे दुर्लक्ष करतात.

शासन हा चांगला व्यापारी नव्हे, या जोशी यांच्या टीकेला याहून बोलका दाखला मिळणे कठीण. योजनेचा संचित तोटा वाढत गेला आणि शेवटी शासनालाच ती चालवणे परवडेनासे झाले. इथवर टीकाकार निर्विवादपणे बरोबर ठरला.

परंतु याच जिल्ह्याच्या इतिहासात एक घटना आहे जी या सरळ निष्कर्षाच्या आड येते. डिसेंबर १९८६ मध्ये कापसाच्या भावासाठी झालेल्या आंदोलनात हिंगोली तालुक्यातील सुरेगाव येथे पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. स्वतंत्र जिल्हा ती १ मे १९९९ रोजी झाली. त्या शेतकऱ्यांची मागणी काय होती? कापसाला वाढीव भाव मिळावा ही. आणि मागणी कोणाकडे होती? एकाधिकार चालवणाऱ्या सरकारकडे. म्हणजे ज्या संघटनेच्या विचाराची परिणती पुढे ‘सरकारने बाजारातून निघून जावे’ या घोषणेत झाली, त्या संघटनेचे शेतकरी ज्या मागणीसाठी प्राणास मुकले ती मागणी ‘सरकारने अधिक भावाने खरेदी करावी’ ही होती. त्याआधी वर्षभर, जून १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्यावरील बंधने सैल केली तेव्हाही संघटनेने त्या धोरणास विरोध केला आणि कृत्रिम धाग्याच्या कापडावर बहिष्कार पुकारला. बहिष्कार हे ग्राहकाच्या स्वेच्छेचे साधन असल्याने खुल्या बाजाराच्या तत्त्वाशी त्याचा विरोध नाही; परंतु धोरणाला विरोध हा मात्र एका उदारीकरणालाच विरोध होता.

याला विसंगती म्हणून मोकळे होणे सोपे आहे. एकट्या खरेदीदाराशी भांडणारा माणूस त्याच्याकडेच भाव मागणार, दुसऱ्या कोणाकडे मागणार? बेड्या घातलेल्याने आधी बेड्या सैल करण्याची मागणी केली म्हणून त्याला मुक्तीच नको होती असे सिद्ध होत नाही. हे उत्तर ग्राह्य आहे, पण अपुरे आहे. कारण अडचण आंदोलनाच्या डावपेचात नसून सिद्धांतात आहे. ‘उत्पादनखर्चावर आधारित रास्त भाव’ हा संघटनेचा एककलमी कार्यक्रम होता. खर्चावर भाव आधारणे ही बाजाराची रीत नव्हे. बाजारात भाव ठरतो तो मागणी-पुरवठ्याने, आणि त्या भावात ज्याचा खर्च बसत नाही त्याला बाजार पीक बदलण्याची किंवा शेती सोडण्याची सूचना देतो. खर्च भरून काढण्याची हमी फक्त शासन देऊ शकते, तेही करदात्याच्या किंवा ग्राहकाच्या पैशातून. शिवाय कोणाचा खर्च? काळ्या जमिनीतील कोरडवाहू कापसाचे उदाहरण घेऊ. समजा, एकरी खर्च वीस हजार रुपये आला. पाऊस वेळेवर पडून आठ क्विंटल कापूस झाला तर क्विंटलला अडीच हजार खर्च पडेल. ऑगस्टात महिनाभर ताण बसून चारच क्विंटल झाला तर पाच हजार. परभणीत दुष्काळ आहे हे टेक्सासच्या किंवा गुजरातच्या पिकाला ठाऊक नसते. भाव पडायचा तो त्या पिकांप्रमाणे पडतो.

जोशी यांचे यावरील उत्तर त्यांच्या लेखनातून असे निघते : शासनाने भाव पाडणे थांबवले म्हणजे बाजाराचा भाव हाच सर्वसाधारणपणे खर्च भरून काढणारा भाव ठरेल, म्हणून ‘रास्त भाव’ आणि ‘खुला बाजार’ या दोन मागण्या वस्तुतः एकच होत. हा या विचारातील कळीचा दुवा आहे. विचाराच्या पहिल्या अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाताना लेखक ज्या पुलावरून गेला तो पूल हाच. आणि आमच्या मते तो सिद्ध केलेला नाही, गृहीत धरलेला आहे. भाव पाडला जातो हे सिद्ध केल्याने न पाडलेला भाव पुरेसा असतो हे सिद्ध होत नाही. १९८०-९० च्या दशकात जगाचा भाव देशातील भावापेक्षा चढा होता, म्हणून गृहीतक उघडे पडले नाही. १९९५ च्या सुमारास जगाच्या बाजारात पौंडामागे एक डॉलरच्या वर गेलेला रुईचा भाव २००१ च्या अखेरीस चाळीस सेंटांच्या खाली आला. दाराचे कुलूप निघाले ते नेमके बाहेर वादळ असताना.

त्या मंदीला अमेरिकेने आपल्या कापूस उत्पादकांना दिलेली अनुदाने कारणीभूत होती, आणि ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत दाखल केलेल्या तक्रारीत पुढे अमेरिकेविरुद्ध निर्णयही झाला. खुल्या व्यवस्थेचे समर्थक म्हणतात की यावरून दिसते ते एवढेच, की जग खुले नव्हते. बरोबर आहे. परंतु मग भारतीय शेतकऱ्याला दिलेला सल्ला कोणत्या जगासाठी होता? जे जग अस्तित्वात नाही त्याच्यासाठी बांधलेले धोरण अस्तित्वात असलेल्या जगात राबवायचे झाल्यास मधल्या काळाची काही तजवीज सांगावी लागते. ही तजवीज या साहित्यात शोधून सापडत नाही.

उलटपक्षी, २००२ नंतरच्या दोन दशकांनी टीकाकाराच्या बाजूनेही भक्कम साक्ष दिली आहे, हे नोंदवणे न्यायाचे होईल. एप्रिल २०१० मध्ये कापसाच्या निर्यातीवर बंधने आली. २०१०-११ च्या हंगामात जगाचा भाव पौंडाला दोन डॉलर ओलांडून गेला असता भारतीय निर्यातीला ५५ लाख गाठींची मर्यादा होती. ५ मार्च २०१२ रोजी निर्यात थेट बंद करण्यात आली आणि ओरड झाल्यावर आठवड्याभरात तो निर्णय सैल करावा लागला. डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीनसह सात वस्तूंचे वायदे व्यवहार स्थगित झाले व ती मुदत पुन्हा पुन्हा वाढवली गेली. परभणीचा शेतकरी आता कापसाइतकाच सोयाबीनवर विसंबून असल्याने ही शेवटची बाब त्याला विशेष लागते : पेरताना पुढच्या भावाचा अंदाज देणारे एकमेव साधन त्याच्यापासून काढून घेतले गेले. भाव चढू लागला की सरकार जागे होते आणि पडला की झोपी जाते, हे जोशी यांचे निदान एकाधिकार संपल्यावरही खरे ठरत राहिले. मुक्तता झाली ती मंदीपुरती. तेजी सरकारने आपल्याकडे राखून ठेवली.

परंतु खेड्यातील बाजाराचे चित्र या निदानात मावत नाही. एकाधिकार गेल्यावर मानवत किंवा सेलूच्या यार्डात जिनिंगवाल्यांची चढाओढ लागली, हे खरे. त्याबरोबर ‘खेडा खरेदी’ही वाढली. दसरा-दिवाळीच्या सुमारास पहिल्या वेचणीचा कापूस घरात येतो तेव्हा मजुरी, किराणा आणि कृषिसेवा केंद्राची उधारी एकदम दारात उभी राहते. टेम्पो घेऊन आलेला खरेदीदार रोख देतो, काटा त्याचा असतो, ओलावा किती हे तो हाताने चाचपून सांगतो. भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर आधारभूत किंमत मिळते, पण आठ टक्के ओलाव्याचा निकष आणि बारा टक्क्यांनंतर नकार, शिवाय नोंदणी व रांग. ज्याला महिनाभर थांबता येते तो तेथे जातो. ज्याला येत नाही तो घरीच विकतो. दोघेही स्वतंत्र आहेत. पहिल्याचे स्वातंत्र्य व दुसऱ्याचे स्वातंत्र्य यांतील अंतर कर्ज, गोदाम आणि मापनयंत्र यांनी मोजले जाते, आणि या तीन गोष्टी नुसत्या सरकारच्या निघून जाण्याने निर्माण होत नाहीत. हायेकच्या परंपरेतील भावाचा युक्तिवाद असा की भाव हा माहितीचा वाहक असतो. पण दोन बाजूंपैकी एकीलाच मालाची प्रत व ओलावा वाचता येत असेल तर ती माहिती एकाच दिशेने वाहते. बाजार ही एक संस्था आहे, तिला काटा लागतो आणि काट्याला पंच लागतो, हे १८९७ च्या वऱ्हाडी कायद्याला जितके स्पष्ट दिसले होते तितके १९९१ नंतरच्या या लेखनात दिसत नाही.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख ओघात करणे अवश्य आहे. अंबाजोगाईचे अमर हबीब यांच्या किसानपुत्र आंदोलनाने हा विचार मराठवाड्यात पुढे चालवला असून जमीनधारणेवरील कमाल मर्यादेचा कायदा, १९५५ चा आवश्यक वस्तू कायदा आणि जमीन अधिग्रहणाचा कायदा हे शेतकऱ्याच्या पारतंत्र्याचे मूळ मानले आहे. आवश्यक वस्तू कायद्याविषयीचा त्यांचा युक्तिवाद आम्हांस पटतो. १९६१ च्या कमाल मर्यादा कायद्याविषयी मात्र मन साशंक राहते. कोरडवाहू जमिनीला ५४ एकरांची मर्यादा घालणारा कायदा पाच एकरवाल्याला प्रत्यक्ष कोठे अडवतो? तो भांडवल शेतीत येऊ देत नाही, हे त्याचे उत्तर विचारार्ह आहे; पण मराठवाड्यात ते देताना १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा विसरून चालणार नाही. ज्या मालमत्तेच्या हक्काच्या नावाने खुल्या व्यवस्थेचा विचार बोलतो, तो हक्क या भागातील अनेक कुळांना बाजाराने दिलेला नाही. मूळ मालकाच्या हक्कात हात घालूनच शासनाने तो दिला. स्वतः जोशी यांनी १९९० नंतरच्या लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमात पत्नीच्या नावे जमीन करण्याचे आवाहन केले तेव्हा कायदा व बाजार दोन्ही बाजूस ठेवून नवऱ्याच्या सद्सद्विवेकाला हाक घातली, आणि तिला प्रतिसादही मिळाला. मालमत्तेचे आरंभीचे वाटप ही दुर्लक्षणीय बाब नाही याची ही कबुलीच नव्हे काय?

अलीकडच्या दोन प्रसंगांनी या विचारापुढे त्याची खरी परीक्षा आणून ठेवली आहे. पहिला २०२० च्या तीन कृषी कायद्यांचा. उत्तरेतील शेतकरी संघटना त्यांच्याविरुद्ध दिल्लीच्या वेशीवर बसल्या असताना महाराष्ट्रातील शेतकरी संघटनेने त्यांचे, सुधारणा सुचवून, समर्थन केले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये नेमलेल्या समितीत अनिल घनवट यांचा समावेश होता, आणि कायदे मागे घेतले गेल्यावर त्यांनी मार्च २०२२ मध्ये समितीचा अहवाल स्वतः प्रसिद्ध केला. लोकमताच्या विरुद्ध जाऊन आपल्या सिद्धांताशी राखलेली ही निष्ठा आदरणीय होती. ती राखणे तुलनेने सोपे होते, कारण त्या कायद्यांत मराठवाड्याच्या शेतकऱ्याचे तत्काळ नुकसान असे दिसत नव्हते.

दुसरा प्रसंग ऑगस्ट २०२५ मधला. कापसावरील ११ टक्के आयातशुल्क केंद्र शासनाने १९ ऑगस्टपासून रद्द केले व ती सवलत प्रथम सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत लांबवली. वेचणीचा हंगाम त्यातच येतो. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये ही आधारभूत किंमत जाहीर झालेली होती. तत्त्वतः पाहता शुल्क उठवणे हे बाजार खुला करणारे पाऊल आहे. सूतगिरणीला जगात कोठूनही कापूस घेण्याचे स्वातंत्र्य त्याने दिले. त्याचा निषेध करावयाचा तर तो संरक्षणाच्या, म्हणजे रानड्यांच्या, भूमिकेवरून करावा लागेल. स्वागत करावयाचे तर परभणीच्या शेतकऱ्याला आधारभूत किमतीच्या रांगेत, म्हणजे पुन्हा सरकारच्याच दारात, उभे राहताना पाहून करावे लागेल. तिसरी वाट, गिरणीला आयात खुली आणि शेतकऱ्याला वायदा, निर्यात व बियाण्याचे तंत्र मात्र बंद या एकतर्फीपणाचा निषेध करण्याची, या विचाराशी अधिक सुसंगत आहे. पण त्या निषेधातून त्या हंगामापुरता क्विंटलमागे किती रुपये वाढतात, याचा हिशेब मांडणारे पान या परंपरेत अद्याप लिहिले जावयाचे आहे.